‘ब’ तुकडीची जागा

शाळेच्या आवारात ‘तुकडी’ हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानी पडतो. ‘अ’ तुकडी, ‘ब’ तुकडी, ‘क’ तुकडी. अक्षरे पाहू गेल्यास ती निष्पाप आहेत. वर्णमालेत ‘ब’ला ‘अ’पेक्षा कमी मान आहे असे कोणा वैयाकरणाने लिहून ठेवलेले नाही. तथापि कोणत्या अक्षराच्या वर्गात हुशार मुले बसतात आणि कोणत्या अक्षराच्या वर्गाचा निकाल शिक्षकांच्या खोलीत उसासा टाकून वाचला जातो, हे पाचवीतल्या मुलालाही पहिल्या आठवड्यातच कळते. त्याला ते कोणी सांगत नाही. गणिताचे ज्येष्ठ शिक्षक कोणत्या वर्गावर जातात, स्नेहसंमेलनाच्या नाटकात राजा कोणत्या तुकडीचा असतो आणि भालदार-चोपदार कोणत्या तुकडीचे, पाहुणे आले म्हणजे त्यांना कोणत्या वर्गाच्या दाराशी नेतात आणि कोणत्या वर्गावरून झपझप पुढे नेतात, एवढ्यावरून ते मूल आपली जागा ओळखते. आणि एकदा ओळखली की बहुधा ती सोडीत नाही.

आपल्या भाषेत ‘तुकडी’ हा शब्द सैन्यातही चालतो. आम्ही आज ज्या गृहस्थांविषयी लिहिणार आहोत त्यांच्या वाट्याला एक ‘ब’ तुकडी आली होती, आणि तिचे काय करावे हा प्रश्न त्यांना ऐन युद्धात, शत्रू दाराशी आला असता, सोडवावा लागला. त्यांचे नाव राल्फ हॉनर. ते ऑस्ट्रेलियन पायदळात लेफ्टनंट कर्नल होते. बेळगावकर वाचक विचारतील, की मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आपल्या गावात असताना, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ह्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानकऱ्यांची नावे आपल्या मुलांना ठाऊक असताना, हा दूरदेशीचा सेनानी कशाला? त्याचे उत्तर असे, की आम्हांस येथे शौर्याविषयी लिहावयाचे नाही. शौर्याची उदाहरणे घरात पुष्कळ आहेत. दुसऱ्यांनी नापास ठरविलेल्या माणसांना कोणती जागा द्यावी, ह्या प्रश्नाचे इतके स्वच्छ उदाहरण मात्र आम्हांस अन्यत्र आढळले नाही. शिवाय हॉनर हे मुळात आमच्याच व्यवसायातले.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०४ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल ह्या बंदराच्या गावी झाला. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठात त्यांनी कलाशाखेचे आणि पुढे कायद्याचे शिक्षण घेतले. काही काळ शाळेत शिकविले, मग वकिली केली. १९३९ साली युद्ध सुरू होताच ते स्वयंसेवक म्हणून सैन्यात गेले आणि दोन-अकरा ह्या क्रमांकाच्या पलटणीत एका कंपनीचे कप्तान झाले. ही पलटण सहाव्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनमधील होती. १९४० च्या डिसेंबरात इजिप्तच्या वाळवंटात सिदी बरानी येथे चौथ्या भारतीय डिव्हिजनने इटालियन सैन्याचा मोड केला. त्यानंतर ती डिव्हिजन तेथून हलवून एरिट्रियाच्या मोहिमेवर धाडण्यात आली, आणि तिची जागा ह्या सहाव्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनने घेतली. म्हणजे हॉनर आणि त्यांचे लोक प्रथम रणात उतरले ते हिंदी जवानांनी मोकळ्या करून दिलेल्या वाटेवर. हे नाते लहानसे आहे. पण ते खरे आहे, म्हणून नमूद केले.

लिबियात टोब्रुक आणि डेर्ना येथे हॉनर लढले. त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. १९४१ च्या वसंतात ग्रीसमध्ये माघार घ्यावी लागली, आणि मे महिन्यात क्रीट बेटावर रेथिम्नोच्या विमानतळाशी जर्मन छत्रीधारी सैनिकांशी गाठ पडली. तेथे ऑस्ट्रेलियनांनी आपले ठाणे दहा दिवस राखले. परंतु बाकीचे बेट पडले, तेव्हा ठाणे राखून उपयोग उरला नाही. शरण जावे की डोंगरात निसटून जावे, हे ज्याचे त्याने ठरवावे असा प्रसंग आला. हॉनर डोंगरात गेले. क्रीटच्या गावकऱ्यांनी स्वतःचे प्राण धोक्यात घालून अशा अनेकांना लपविले, पोसले. सुमारे तीन महिन्यांनी एका पाणबुडीतून ते इजिप्तला पोहोचले. पराभूत होऊन, फाटक्या वेषात, परक्याच्या दयेवर जगणारा माणूस म्हणजे निकामी माणूस नव्हे, ही गोष्ट त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. ती त्यांना पुढे उपयोगी पडली असावी, असे आम्हांस वाटते.

आता त्यांची ती ‘ब’ तुकडी.

ऑस्ट्रेलियात त्या काळी दोन प्रकारचे सैन्य होते. एक, परदेशी जाऊन लढण्यासाठी स्वेच्छेने भरती झालेले. आणि दुसरे, ऑस्ट्रेलिया व तिच्या ताब्यातील मुलूख एवढ्यापुरतेच वापरता येईल असे नागरी सैन्य, ज्यात सक्तीने बोलावलेली कोवळी पोरे पुष्कळ होती. पहिल्या सैन्यातले लोक दुसऱ्यांना ‘चॉकलेटचे शिपाई’ म्हणून चिडवीत; म्हणजे ऊन लागले की वितळणारे. शाळेतला ‘ढ’ हा शब्द आणि हा शब्द सख्खे भाऊ शोभावेत. एकोणचाळिसावी पलटण ही अशा चॉकलेटच्या शिपायांची. ती १९४१ च्या अखेरीस व्हिक्टोरिया प्रांतात उभारली गेली आणि १९४२ च्या जानेवारीत न्यू गिनी बेटावरील पोर्ट मोर्झ्बी येथे उतरविण्यात आली. पापुआ हा मुलूख ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात असल्यामुळे त्यांना तेथे धाडण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. तेथे त्यांना लढाईचे शिक्षण देण्याऐवजी जहाजांवरचा माल उतरविणे आणि बांधकामे करणे ह्यांतच पुष्कळ राबविले गेले. ज्यांना शिकविलेच नाही त्यांची परीक्षा मात्र सर्वांत आधी झाली.

२१ जुलै १९४२ रोजी जपानी सैन्य बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर बुना-गोना भागात उतरले. त्यांना ओवेन स्टॅन्ली पर्वत ओलांडून दक्षिणेस पोर्ट मोर्झ्बी गाठावयाचे होते. पर्वतातून एकच पायवाट. सुमारे ९६ किलोमीटरांची. चढ असा की हात टेकावे, चिखल असा की पाय निघू नये, आणि रोजचा पाऊस. कोकणातला आषाढ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ह्या पावसाची थोडी कल्पना येईल. पण आपल्या आषाढात माणूस रात्री घरी कोरडे कपडे घालतो. ह्या वाटेने पर्वत ओलांडून पहिल्याने शत्रूच्या सामोरी गेली ती एकोणचाळिसाव्या पलटणीची ‘ब’ कंपनी, अर्थात ‘ब’ तुकडी. तिचे कप्तान सॅम टेंपलटन २६ जुलैला ओइवी येथे हरवले ते परत आले नाहीत. तीन दिवसांनी कोकोडा येथील लढाईत पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल ओवेन मारले गेले. पोरके झालेले ते शिपाई रानातून वाट काढीत मागे हटले. काही जण एकेकटे, काही भरकटत. मदतीला वर चढत येणाऱ्यांना वाटेत भेटली ती अशी अवकळा आलेली माणसे. आणि त्यांच्याविषयीचे मत तेथेच बनले. ही तुकडी पळाली, हिच्यात दम नाही.

१६ ऑगस्टला हॉनर इसुरावा ह्या डोंगरातल्या वस्तीशी पोहोचले आणि पलटणीची सूत्रे त्यांच्या हाती आली. दुसऱ्या दिवशी त्यांना अडतीस वर्षे पूर्ण झाली. त्यांच्यापुढे जी पलटण उभी होती तिच्याजवळ अंगभर कपडे नव्हते, निवारा नव्हता, पांघरूण नव्हते. अतिसार आणि ताप ह्यांनी माणसे खंगली होती. खंदक खणावयास फावडी अपुरी म्हणून संगिनी, लोखंडी टोप आणि रिकामे डबे ह्यांनी जमीन उकरली जात होती. ह्या अवस्थेत नव्या प्रमुखाला पहिला सल्ला मिळाला तो असा, की ‘ब’ तुकडी मोडून टाकावी.

हॉनर ह्यांनी काय करावे? सल्ला देणारा अनुभवी होता; त्याने जे पाहिले ते डोळ्यांनी पाहिले होते. दोन मार्ग उघड होते. तुकडी मोडून तिची माणसे इतरांत वाटून टाकावी. किंवा दयाबुद्धीने तिला मागे, सुरक्षित जागी ठेवावे. पहिला मार्ग शिक्षेचा, दुसरा कनवाळूपणाचा. आमच्या मते परिणामाच्या दृष्टीने दोन्ही मार्ग एकच आहेत, कारण दोहोंतून त्या माणसांना एकच निरोप पोहोचला असता. हॉनर ह्यांनी तिसरेच केले. इसुरावाच्या मोर्चेबंदीत डाव्या अंगाला एक उंच जागा होती. दाट रान तिला भिडलेले होते, आणि शत्रूचा मुख्य घाला तेथेच पडणार हे अनुभवी डोळ्याला दिसत होते. ती जागा त्यांनी ‘ब’ तुकडीला दिली. आणि ही जागा सर्वांत धोक्याची आहे म्हणूनच ती मानाची आहे, हे त्या पोरांना समजेल अशा रीतीने दिली. तुमच्याविषयी कोण काय बोलते ते मी ऐकले आहे, पण माझा तुमच्यावर विश्वास आहे, असले भाषण त्यांनी केल्याची नोंद आमच्या वाचनात नाही. जागा हेच भाषण होते.

२६ ऑगस्टपासून घाला पडू लागला. मेजर जनरल होरी ह्यांच्या सैन्याने जी जागा सर्वांत जोराने दाबली ती हॉनर ह्यांच्या अंदाजाप्रमाणे हीच. लाटेमागून लाट आली. काही ठिकाणी शत्रू आत घुसला, हातघाई झाली, आणि त्याला पुन्हा बाहेर रेटण्यात आले. ‘ब’ तुकडी हलली नाही.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण विश्वासाच्या गोष्टी सांगताना ती नेहमी गाळली जाते. हॉनर ह्यांनी त्या तुकडीला अवघड जागा देऊन वाऱ्यावर सोडले नव्हते. जेथे फळी फुटे तेथे धावून जाण्यासाठी लहान लहान पथके त्यांनी तयार ठेवली होती, आणि वेळ येताच ती धाडली. अवघड काम आणि वेळेवर मदत ही दोन्ही त्यांनी एकाच हाताने दिली. नुसते अवघड काम देणे हा निर्दयपणा. नुसती मदत देणे हा अपमान.

लवकरच सीरियात लढून आलेली दोन-चौदा ही कसलेली पलटण मदतीस येऊन पोहोचली. एकोणचाळिसाव्या पलटणीने आता मागे जावे असे ठरत होते. परंतु नवे लोक पुरते स्थिरावण्यापूर्वीच शत्रूचा जोर वाढलेला पाहून हॉनर ह्यांनी आपली पलटण तेथेच ठेवली. चॉकलेटचे शिपाई नामांकित शिपायांना सोडून गेले नाहीत. ह्याच दिवसांत एक प्रसंग घडला, तो ऑस्ट्रेलियात आजही सांगितला जातो. अगदीच लढण्याजोगे नाहीत असे आजारी आणि जखमी लोक एका तरुण अधिकाऱ्याबरोबर मागे धाडले होते. वाटेत त्यांना कळले, की आपली पलटण संकटात आहे. ज्यांना चालवत होते ते सारे मागे फिरले आणि पुन्हा खंदकात येऊन बसले. तिसांपैकी सत्तावीस परतले. तिघे परतले नाहीत, त्यांची कारणे अशी: एकाचे पाऊल तुटले होते, एकाच्या गळ्यात गोळी होती, आणि एकाचा हात कोपरापुढे नव्हता.

इसुरावा राखता आले नाही, हेही सांगितले पाहिजे. महिनाअखेर माघार घ्यावी लागली, आणि जपानी सैन्य आणखी काही आठवडे पुढे येत राहिले. कोकोडा पुन्हा ऑस्ट्रेलियनांच्या हाती आले ते २ नोव्हेंबर १९४२ रोजी. परंतु पोर्ट मोर्झ्बी पडले नाही, आणि ते न पडण्यात इसुरावाच्या त्या चार-पाच दिवसांचा वाटा मोठा आहे.

सप्टेंबरच्या आरंभी मेनारी नावाच्या वस्तीत थकलेल्या पलटणीला एका ओळीत उभे करून हॉनर तिच्याशी बोलले. त्या प्रसंगाचे छायाचित्र डेमियन पॅरर ह्यांनी घेतले. ह्याच मोहिमेवरील त्यांच्या ‘कोकोडा फ्रंट लाइन’ ह्या चित्रपटाला १९४३ साली ऑस्कर मिळाले. छायाचित्रातल्या कित्येकांच्या अंगावर धड गणवेश नाही. तरी ओळ सरळ आहे. त्या वेळी पलटणीच्या मनात एक सल होता. शेजारची त्रेपन्नावी पलटण, तीही चॉकलेटच्या शिपायांचीच, मोहिमेत ढासळली होती, आणि एकोणचाळिसाव्या पलटणीचे लोक तिच्याविषयी कडवट बोलत होते. आता हा मोह फार मोठा असतो. काल ज्याला ‘ढ’ म्हटले जात होते त्याला आज शाबासकी मिळाली, की तो पहिल्याने शोधतो तो आपल्याहून ‘ढ’ कोण आहे ते. हॉनर ह्यांनी तो मोह तेथल्या तेथे मोडला. झाले ते विसरले पाहिजे. पाठीशी कोणी नसेल तर तुमच्या-माझ्यापैकी कोणीही असाच दुबळा होऊ शकतो, अशा अर्थाचे ते बोलले. त्रेपन्नाव्या पलटणीतील कित्येक तरुणांना घरच्यांचा निरोपही घेऊ न देता जहाजावर चढविले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बोलण्यातला न्याय कळतो. आमच्या दृष्टीने हॉनर ह्यांच्या साऱ्या कारकिर्दीत इसुरावाच्या निर्णयाइतकेच मोठे काही असेल तर ते हे भाषण.

त्याच मोहिमेत दुसऱ्या तऱ्हेचे भाषणही झाले. पर्वतातली माघार ज्यांनी पावलोपावली लढत केली त्या एकविसाव्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर पॉट्स ह्यांना ऑक्टोबरात दूर करण्यात आले. आणि ९ नोव्हेंबर १९४२ रोजी कोइटाकी येथे सरसेनापती ब्लेमी ह्यांनी त्या ब्रिगेडला समोर उभे करून, गोळी लागते ती पळणाऱ्या सशाला, अशा आशयाचे उद्गार काढले. ज्यांनी आपले सोबती त्या वाटेवर पुरले होते त्यांना हे ऐकावे लागले. थोड्याच दिवसांनी ती ब्रिगेड गोनाच्या लढाईत उतरली. आणि आपण ससे नाही हे दाखविण्याच्या भरात तेथे काही जण अविचाराने मृत्यूच्या तोंडी गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. टोचून बोलल्याने मुले सुधारतात, असे मानणारे गुरुजन आमच्याही व्यवसायात आहेत. टोचून बोलल्याने मुले धावतात, हे खरे. कुठे धावतात ते मात्र पाहावे.

गोनाच्या त्याच लढाईत डिसेंबरच्या आरंभी हॉनर आपली पलटण घेऊन सामील झाले. समुद्रकाठची दलदल, नारळीच्या ओंडक्यांनी बांधलेले जपानी भुयारी मोर्चे, आणि समोर उघडे मैदान. आंधळे हल्ले करून इतर पलटणींची फार हानी झालेली होती. ७ डिसेंबरला हल्ला ठरला होता; पण आधी व्हावयाचा विमानांचा मारा भलत्याच जागी पडला, तेव्हा हॉनर ह्यांनी हल्ला थांबविला. वरून हुकूम असताना माणसे राखण्यासाठी थांबणे, ह्यासही धैर्य लागते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोफखान्याकडून असे गोळे मागविले, जे मऊ जमिनीत घुसून क्षणभराने फुटत. आणि तोफा थांबण्याची वाट न पाहता, स्वतःचे गोळे पडत असतानाच त्यांचे शिपाई पुढे गेले. मारा संपल्यावर डोके वर काढावयाचे ही शत्रूची सवय. त्याने डोके वर काढले तेव्हा ऑस्ट्रेलियन समोर उभे होते. ९ डिसेंबरला गोना पडले. हॉनर ह्यांनी धाडलेला निरोप दोन शब्दांचा होता: गोना गेले. जे शिपाई चार महिन्यांपूर्वी पळपुटे म्हणून हिणविले गेले होते, त्यांनी आपल्याच तोफांच्या गोळ्यांखाली चालत जाण्याइतका आपल्या प्रमुखावर विश्वास टाकला. विश्वास असा परत येतो.

पुढची हकीकत थोडक्यात. जानेवारी १९४३ मध्ये लढाईतून बाहेर पडताना एकोणचाळिसाव्या पलटणीत चालते असे ७ अधिकारी आणि २५ शिपाई उरले होते. बाकीचे मेले होते, जखमी होते किंवा तापाने इस्पितळात होते. जुलैमध्ये पलटणच विसर्जित झाली. हॉनर ह्यांना गोनाच्या कामगिरीबद्दल डी. एस. ओ. हे पदक मिळाले. ते दोन-चौदा पलटणीचे प्रमुख झाले, आणि ४ ऑक्टोबर १९४३ रोजी रामू खोऱ्यात गोळी लागून गंभीर जखमी झाले. त्यांचे लढणे तेथे संपले. पुढे त्यांनी माजी सैनिकांच्या निवृत्तिवेतनाची अपिले ऐकण्याचे काम केले, १९६८ ते १९७२ ह्या काळात आयर्लंडमध्ये ऑस्ट्रेलियाचे राजदूत होते, आणि १९९४ साली वारले.

एका अन्यायाचा उल्लेख केल्यावाचून ही हकीकत पुरी होणार नाही. ह्या साऱ्या मोहिमेचे ओझे अक्षरशः पापुअन लोकांच्या खांद्यांवर होते. अन्न, दारूगोळा वर नेणे आणि जखमींना खाली आणणे हे काम त्यांनी केले. त्या चिखलात एका डोलीला आठ आठ माणसे लागत. पुष्कळांना सक्तीने कामास लावले होते. शिपायांची नावे स्मारकांवर कोरली गेली. ह्या हमालांपैकी फार थोड्यांची नावे कोणी लिहून ठेवली. त्यांची तर कोणत्याही अक्षराची तुकडी नव्हती. आणि समोरचे जपानी शिपाई? तेही कोणाचे मुलगे होते. त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना पुरेसे अन्न न देता पर्वतात लोटले, आणि परतीच्या वाटेवर त्यांच्यातले कित्येक उपासमारीने मेले. युद्धाची हौस कोणास वाटू नये.

आता आपल्या शाळेकडे वळू. पालक म्हणतील, रणांगण वेगळे आणि वर्ग वेगळा. कच्च्या मुलांना अवघड काम दिले तर ती आणखी खचतील. ही शंका खोटी नाही. म्हणूनच मदतीच्या पथकांची गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. परंतु कच्चे म्हणजे कोण, हेही एकदा पाहिले पाहिजे. ज्याच्या घरी कोकणी बोलतात असा मुलगा धाकट्या बहिणीविषयी निबंधात ‘ते शाळेतून आले’ असे लिहितो. कोकणीत लहान मुलीला नपुंसकलिंगच लावतात. त्याच्या आईने, आजीने, आणि आमच्याही घरच्यांनी जन्मभर तसेच म्हटले. वहीवर तांबडी रेघ उमटते, पाचसहा रेघांचे गुण जातात, आणि त्या गुणांवर तुकडी ठरते. तीच गोष्ट घरी कानडी बोलणाऱ्या मुलाची. दोन भाषा ज्याच्या डोक्यात नांदतात तो एक भाषा जाणणाऱ्याच्या खालच्या वर्गात बसतो. त्याला मराठीचे लिंग शिकविले पाहिजे, ह्यात वाद नाही. ते शिकविणे आमचे काम आहे. पण जे शिकविले नाही त्याची परीक्षा घेऊन, नापास झाल्यावर मागे धाडणे, हे पोर्ट मोर्झ्बीच्या धक्क्यावर पोरांकडून पेट्या उतरवून घेऊन मग त्यांना पळपुटे म्हणण्यासारखे आहे.

तुकड्या मुळीच नसाव्यात असे आमचे म्हणणे नाही. एका खोलीत दीडशे मुले बसू शकत नाहीत, तेव्हा वाटणी करावीच लागणार. पण ती गुणपत्रिकेवरून न करता हजेरीपटाच्या वर्णानुक्रमाने करता येते. अनेक शाळा तसे करतातही. आणि जेथे ते जमत नसेल तेथे निदान जागा तरी बदलाव्यात. सर्वांत ज्येष्ठ गणितशिक्षक ‘क’ तुकडीला द्यावे. तपासनीस आले की त्यांना प्रथम ‘क’ तुकडीत न्यावे, आणि पाठ त्या मुलांनी म्हणावा. त्यासाठी महिनाभर आधीपासून शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर बसावे, आणि अडल्या जागी सावरून घेण्यास शिक्षक खोलीत असावा. ‘अ’ तुकडीच्या विद्यार्थ्यांनो, हे वाचून तुमच्यापैकी कोणाला राग आला असेल तर मेनारीचे भाषण पुन्हा एकदा वाचा. ते ज्यांनी चांगले केले होते त्यांच्यासाठीच होते. आणि ‘ब’ व ‘क’ तुकड्यांच्या विद्यार्थ्यांनो, तुम्हांला एखादे अवघड काम सांगितले गेले, तर ती शिक्षा समजू नका.

नव्या वर्षाच्या आरंभी वर्गवाटणीची यादी फळ्यावर लागेल. यंदा ती करण्यास बसणाऱ्या सर्व सहकाऱ्यांपुढे ही सूचना आम्ही लेखी ठेवली आहे, आणि ‘क’ तुकडीचा वर्ग आम्हांस मिळावा असे तीत म्हटले आहे.